गांधीलमाश्यांची पोळी: घराच्या पाहणीच्या व कामाच्या नोंदी, जून ते सप्टेंबर २०२४

स्थळ: कुडाळ तालुक्यातील वडिलोपार्जित कौलारू घर, गोठा, विहीर आणि भोवतालचे आवार.

१६ जून, रविवार

गेल्या वर्षी गणपतीच्या तिसऱ्या दिवशी मुलांनी गोठ्यामागे फटाक्यांची माळ लावली आणि पाचच मिनिटांत दोघा पुतण्यांना व भजनाला आलेल्या एका वयस्कर गृहस्थांना गांधीलमाश्यांनी फोडून काढले. मुलांचे सुजेवर निभावले. गृहस्थांच्या मात्र सर्वांगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला आणि त्यांना रुग्णालयात नेऊन इंजेक्शन द्यावे लागले. डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतले. त्यानंतर गोठ्यातील पोळे कोठे आहे हे पाहण्याचीही कोणाची हिंमत झाली नाही आणि दिवाळीनंतर तो विषय सर्वांच्या डोक्यातून गेला.

यंदा चतुर्थी ७ सप्टेंबरला आहे. पाच दिवस घरात चाळीसएक माणसे असतील, त्यांत बारा वर्षांखालील मुले नऊ. निवृत्तीनंतर मी या पावसाळ्यात येथेच राहणार असल्याने हे काम माझ्याकडे आले. बांधकाम खात्यात असताना कामाची नोंदवही ठेवण्याची सवय जडली होती, तीच येथे चालू ठेवत आहे. दादांना (थोरले चुलतभाऊ) हे पटलेले नाही. त्यांचे म्हणणे एका ओळीचे आहे: "पलितो लाव आणि मोकळो हो, इतक्या कित्याक लिवतंस?"

पलिता न लावण्याचे कारण पहिल्याच दिवशी लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा वाद नको. गोठ्याच्या माळ्यावर गवताच्या पेंढ्या रचलेल्या आहेत, रिपा आणि वासे जुन्या सागाचे आहेत, आणि पेटता पलिता हाती घेऊन शिडीवर उभ्या असलेल्या माणसावर माश्या आल्या की तो पहिल्यांदा हातातले टाकतो. शिवाय आगीत पोळे जळते, माश्यांपैकी बऱ्याच मात्र उडून सुटतात आणि त्या चिडलेल्या असतात.

२३ जून, रविवार

पावसाने उघडीप दिल्याने सकाळी आठ ते अकरा पाहणी केली. पोळे शोधण्यासाठी काठीने कोपरे डिवचत हिंडण्यापेक्षा वीस फुटांवर खुर्ची टाकून दुर्बिणीने बघत बसणे अधिक उपयोगाचे ठरते, कारण चाऱ्याला गेलेल्या माश्या ठरावीक वाटेने परत येतात आणि दहा-पंधरा मिनिटांत त्यांची येण्याजाण्याची रेघ डोळ्यांत भरते. त्या रेघेत आपण उभे राहावयाचे नाही, एवढेच पथ्य. जेथे ये-जा दिसली त्याच्या अलीकडे पिवळ्या प्लास्टिकची पट्टी बांधली व क्रमांक दिला.

एकूण सात जागा सापडल्या. पूर्वेच्या पडवीच्या वळचणीखाली नऊ फुटांवर उघडे कागदी पोळे (क्र. १), गणपतीच्या खोलीत खिडकीच्या चौकटीवर मातीचे लिंपण (क्र. २); विजेच्या मीटरच्या फळीमागे तसेच लिंपण (क्र. ३), विहिरीकडे जाणाऱ्या पायवाटेच्या कडेला जास्वंदीच्या कुंपणात गुडघ्याएवढ्या उंचीवर पोळे (क्र. ४), गोठ्याच्या मागील दगडी भिंतीत एक फट, जिच्यातून मोठ्या काळ्या माश्या ये-जा करतात (क्र. ५), फणसाच्या ढोलीत आणखी एक ये-जा (क्र. ६), आणि माळ्यावर आढ्याला लटकलेले, हालचाल नसलेले जुने पोळे (क्र. ७).

गेल्या वर्षीचे प्रकरण क्र. ५ चे, याविषयी आता शंका उरली नाही. फटाक्यांची माळ लावली ती जागा त्या फटीपासून अकरा फुटांवर आहे. आज टेपने मोजली.

२७ जून, गुरुवार

ओळख पटवण्यात तीन दिवस गेले, आणि ते सत्कारणी लागले असे माझे मत आहे, कारण आपल्याकडे दंश करणाऱ्या प्रत्येक उडत्या जिवाला एकाच मापाने मोजतात आणि उपायही एकच करतात.

क्र. ६ या गांधीलमाश्या नव्हेतच. त्या सातेरी मधमाश्या आहेत. अंगावर लव, पायांवर परागाच्या पिवळ्या गोळ्या, आणि ढोलीच्या तोंडाशी पंखांनी वारा घालत बसलेल्या कामकरी माश्या, यांवरून ओळख पटते. फणस घरापासून साठ फुटांवर आहे, आणि आमच्या नारळ-कोकमाच्या बागेला त्यांचा उपयोगच आहे. निर्णय: हात लावायचा नाही. पुढे कधी हलवाव्या लागल्याच, तर पेटी घेऊन येणारा मधपाळ बोलवायचा. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे आणि तेथून शिकून आलेली माणसे कोकणातही आढळतात.

क्र. १ मधील माश्या सडपातळ, तांबूस तपकिरी, पोटावर पिवळा पट्टा असलेल्या आहेत. ही रोपालिडिया मार्जिनाटा असावी असे चित्रांशी ताडून वाटते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी अनेक दशके याच जातीचा अभ्यास केला, ही माझ्या दृष्टीने सुखद गोष्ट आहे. एरवी घराच्या वळचणीत राहणाऱ्या माशीला एवढे नशीब कुठले. त्यांच्या कामातून पुढे आलेली एक गोष्ट मला या खटाटोपात उपयोगी पडली. या पोळ्यातील राणी दिसायला इतरांसारखीच असते आणि वागायला बहुतेकींपेक्षा शांत. ती गेली की कामकऱ्यांपैकी एक एकाएकी आक्रमक होते आणि थोड्याच दिवसांत तीच राणी बनून अंडी घालू लागते. म्हणजे "राणी मारली की पोळे संपले" हा समज येथे लागू पडत नाही.

क्र. ४ मधील माश्या याहून मोठ्या, पिवळसर, लांब पाय खाली लोंबत ठेवून उडणाऱ्या आहेत. तीही कागदी पोळे करणारी जात. क्र. ५ ही मोठी गांधील, व्हेस्पा ट्रॉपिका: इंचभर लांब, काळीभोर, पोटावर एकच रुंद पिवळा पट्टा. पोळे भिंतीच्या पोकळीत असल्याने दिसत नाही, त्यामुळे आत किती माश्या आहेत हे केवळ फटीपाशी मोजता येते. सकाळी नऊ वाजता दहा मिनिटांत ३८ माश्या आत गेल्या.

३० जून, रविवार

क्र. २ आणि ३ या कुंभारीणीच्या करामती आहेत. ही माशी एकटी राहते, तिच्यापाशी रक्षणाला फौज नाही, आणि मुठीत पकडल्याशिवाय ती सहसा दंश करीत नाही. चौकटीवरच्या लिंपणातील एक जुना कप्पा सुरीच्या टोकाने उघडला. आत नऊ कोळी निघाले: हिरवे, नक्षीदार, बोटाच्या पेराहून लहान, सगळे मऊ आणि सगळे जिवंत. सुईच्या टोकाने स्पर्श केला तर एकाचा पाय किंचित हलला. कुंभारीण कोळ्याला दंश करून लुळे करते, मारीत नाही, कारण पिल्लाला ताजे अन्न लागते. अळी मात्र त्या कप्प्यात नव्हती. अंडे कशाने तरी वाया गेले असावे. वहिनींनी एवढे पाहून, "भावोजी, हे देवाच्या खोलीत नको हां," असे सांगितले आणि मीही ते मान्य केले.

बाकीच्या कप्प्यांना गोल छिद्रे पडलेली असल्याने माश्या निघून गेल्या आहेत हे स्पष्ट होते. लिंपण ओल्या फडक्याने भिजवून कालथ्याने सोडवले. मीटरमागचे लिंपण मी सोडवले नाही. कुंभारीणीला नळ्या, प्लगची भोके, गॅसच्या शेगडीचे बर्नर अशी पोकळ जागा आवडते आणि विजेच्या जोडणीत ओली माती शिरणे हा दंशापेक्षा मोठा धोका आहे. ते काम वायरमन मुख्य स्विच बंद करून करील.

क्र. ७ रिकामे होते. तरी दोन संध्याकाळ खालून बॅटरी टाकून पाहिल्यावरच बांबूने पाडले. हातात घेतल्यावर कागदासारखेच फरफरते. माश्या जुन्या लाकडाचा पृष्ठभाग जबड्यांनी खरवडून, लाळेत मळून हा कागद करतात. फाटकाच्या बांबूवर तशा खरवडल्याच्या रुपेरी रेघा आहेत आणि वारा नसेल तर ते खरवडणे कानाला ऐकूही येते.

१० जुलै, बुधवार

कीडनियंत्रणाचे काम करणाऱ्या एका व्यावसायिकाशी दूरध्वनीवर बोलणे झाले. कोणती माशी, पोळे कोठे, विहीर किती अंतरावर, यांपैकी एकही प्रश्न न विचारता त्याने "सातही जागा एका दिवसात फवारून देतो" असे सांगितले व आगाऊ रक्कम मागितली. सातांपैकी एक मधमाश्यांची, एक रिकामी आणि दोन निरुपद्रवी आहेत हे सांगितल्यावरही दर तोच राहिला. परवान्याची प्रत मागितली तेव्हा "नंतर पाठवतो" असे उत्तर आले. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालील नियमांनुसार असा व्यवसाय करणाऱ्यास परवाना लागतो, आणि तो दाखवणे ही मेहरबानी नव्हे. येथे काम दिले नाही.

तोपर्यंतचे निर्णय असे झाले आहेत. क्र. १ पडवीच्या ज्या टोकाला आहे तेथे कोणाचा वावर नाही, म्हणून ते राहू द्यायचे आणि त्या टोकाला दोरी बांधायची. या माश्या भाजीवरील अळ्या उचलून नेतात. वहिनींच्या पडवळाच्या मांडवावर त्यांची रोजची फेरी असते. क्र. ४ काढायचे, कारण पाण्याला जाणाऱ्याचा पाय त्याच्यापासून दीड फुटावरून जातो. क्र. ५ काढायचे, परंतु मी काढायचे नाही.

२१ जुलै, रविवार

आज जे पाहिले ते सविस्तर लिहितो. सकाळी साडेनऊच्या सुमारास पडवीत चहा घेत असता मोठा घरघराट झाला आणि एक मोठी काळी गांधील क्र. १ समोर घिरट्या घालू लागली. मला वाटले होते की चाळीसएक लहान माश्या मिळून तिला पिटाळतील. तसे काहीच झाले नाही. ती पोळ्यावर टेकताच त्या सगळ्या एकेक करून उडाल्या आणि हातभर अंतरावरील वाशावर दाटीवाटीने, पंख मिटून बसल्या. मोठीने एका कप्प्याचे रेशमी झाकण फाडले, आतली पांढरी अळी जबड्यांत धरून ओढून काढली, कडेला एका पायावर लोंबकळत ती चावून तिचा हरभऱ्याएवढा गोळा केला आणि उडून गेली. अकरा मिनिटांनी परत आली. साडेबारापर्यंत तिच्या चौदा खेपा मोजल्या. ती प्रत्येक वेळी गोठ्याच्या दिशेनेच जात होती.

व्हेस्पा ट्रॉपिका ही कागदी पोळी करणाऱ्या लहान गांधिलींची पोळी लुटून जगते, आणि तिच्यापुढे क्र. १ ची जात पोळे सोडून देणेच पसंत करते, असे वाचले होते. परंतु वाचणे वेगळे आणि ती दाटी वाशावर बसून आपले घर रिकामे होताना बघत असलेली पाहणे वेगळे. एवढे खरे की माझा एक हिशेब चुकला: क्र. १ व क्र. ५ या दोन वेगळ्या बाबी म्हणून मी लिहिल्या होत्या.

२५ जुलै, गुरुवार

सोडलेल्या पोळ्यावर दुसऱ्याच दिवशी मुंग्या चढल्या. उघड्या पोळ्याचा मोठा शत्रू मुंगी; म्हणून या माश्या पोळे एका बारीक देठावर टांगतात, आणि त्यांच्या अनेक जातींत माद्या त्या देठावर मुंग्यांना परतवणारा स्राव चोपडतात. राखण सुटली की देठही निकामी ठरतो.

वाशावरची दाटी काल हलली. नवे पोळे पडवीच्या दुसऱ्या टोकाला, मांडवाच्या खांबाजवळ, सात फुटांवर सुरू झाले आहे: सहा कप्पे. येथे मांडवात चढ-उतार असणार, त्यामुळे राहू देता येत नाही. आणि आत्ताच हलवणे सर्वांत सोपे. रात्री साडेआठला लिटरभर पाण्यात दोन चमचे भांडी घासण्याचे द्रव घालून झाडांना फवारण्याच्या पंपाने ते भिजवले. साबणाने पाणी अंगाला पसरते, श्वासाची छिद्रे बुजतात आणि माशी मिनिटभरात खाली पडते. विष लागत नाही. याचा उपयोग लहान, उघड्या आणि उंचीला बेताच्या पोळ्यापुरताच आहे. मी जमिनीवर उभा होतो, लांब दांडीचा पंप होता आणि मागे माजघराचे दार उघडे होते. शिडी लागली असती तर हे केले नसते.

सकाळी देठाची जागा कालथ्याने खरवडून साबणाने धुतली, कारण खूण राहिली तर पुन्हा तेथेच येतात असा येथील अनुभव आहे.

४ ऑगस्ट, रविवार

चूक माझी. पोफळीची पडलेली झापे गोळा करताना विहिरीकडच्या वाटेवरची पिवळी पट्टी वाऱ्याने उडाली होती, ती मी पुन्हा बांधली नव्हती, आणि झाप ओढताना जास्वंदीची फांदी हलली. सकाळी १०.४० ला डाव्या मनगटावर एक आणि मानेवर एक असे दोन दंश बसले. मी सरळ माजघरात पळालो. हात झाडणे किंवा माशी चिरडणे टाळावे लागते, कारण विषाबरोबर सुटणाऱ्या वासाने बाकीच्या माश्या खवळतात. हे ठाऊक असूनही हात एकदा आपोआप उठलाच.

पहिल्यांदा अंगठी काढली. मग साबणाने धुऊन फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे धरला. नांगी शोधण्याचे कारण नव्हते. मधमाशीची नांगी काटेरी असल्याने कातडीत राहते व ती ताबडतोब खरवडून काढावी लागते, गांधिलीची गुळगुळीत असते आणि ती पुन्हा पुन्हा दंश करू शकते. दादांनी चुना आणला, शेजारच्या काकूंनी कोयतीचे पाते घासायला सांगितले. दोन्ही नम्रपणे नाकारले. ११.१० ला सूज कोपराच्या दिशेने चार बोटे चढली होती. ओठ, जीभ, श्वास, सर्वांगाची खाज, चक्कर आणि उलटी यांची दर दहा मिनिटांनी खातरजमा केली आणि वहिनींना समोर बसवून घेतले. दुपारी दोनपर्यंत त्रास स्थिरावला.

घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवे म्हणून दारामागे कागद चिकटवला आहे. दंशाच्या जागेपलीकडे अंगभर गांधी, आवाज बसणे, घरघर, घशात आवळल्यासारखे वाटणे किंवा भोवळ, यांपैकी काहीही दिसले की १०८ ला दूरध्वनी करून तत्काळ रुग्णालय. त्यावर खरे औषध मांडीच्या स्नायूत दिले जाणारे ॲड्रेनॅलिन आहे आणि ॲलर्जीची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. तोंडाच्या आत दंश झाला तर लक्षणांची वाट पाहायची नाही. मोठ्या गांधिलीचे अनेक दंश झाले असतील तर ॲलर्जी नसली तरी रुग्णालय, कारण त्या विषाने स्नायू व रक्तपेशी फुटून मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. लघवी चहाच्या रंगाची होणे ही त्याची खूण आहे. गेल्या वर्षीच्या गृहस्थांना यंदा भजनाला बोलावताना हे आधी सांगावयाचे आहे.

६ ऑगस्ट, मंगळवार

क्र. ४ काढले. संध्याकाळी सर्व माश्या पोळ्यावर परततात आणि अंधारात त्या उडायला नाखूश असतात, म्हणून वेळ रात्री सव्वाआठची. पडवीतील व खळ्यातील दिवे बंद केले. बॅटरीला लाल पारदर्शक कागद लावला, कारण तांबडा उजेड या कीटकांना जवळजवळ दिसत नाही, आणि ती हातात न धरता सहा फुटांवर विटेवर ठेवली; उठलेली माशी उजेडाकडे जाते, उजेड धरणाऱ्या हाताकडे जाऊ नये. दोन पँटी, वर रेनकोट, पायमोज्यांत खोचलेल्या कडांवर रबर, हातमोजे आणि मधपाळाकडून उसनी आणलेली जाळीची टोपी असा वेष होता. पुतण्याने छायाचित्र काढले आहे, ते कुटुंबाच्या गटावर फिरत आहे.

विहीर पंचवीस फुटांवर आहे, तिच्यात मासे आहेत आणि घराघरांत मिळणारे बहुतेक फवारे माशांना घातक असल्याने येथेही साबणाचे पाणीच वापरले, परंतु पाच लिटर आणि दोन पंप, दुसरा दादांकडे. चार मिनिटांत हालचाल थांबली. सकाळी फांदीसकट पोळे कापले: १२६ कप्पे, ६१ मेलेल्या माश्या. तीन माश्या दिवसभर रिकाम्या फांदीभोवती फिरत होत्या, त्यांना दोन दिवस वाट बंद ठेवून जाऊ दिले.

दादांनी पलित्याचा विषय आज काढला नाही.

१८ ऑगस्ट, रविवार

दुसऱ्या व्यावसायिकाने प्रत्यक्ष येऊन क्र. ५ पाहिले. परवाना न मागता दाखवला. भिंत आतून आणि बाहेरून पाहिली, गुरे कोठे बांधतात, मांजर आहे का, घरात कोणाला पूर्वी दंशाचा त्रास झाला आहे का, असे विचारले. आमच्या गवंड्याने फट आधीच सिमेंटने बुजवण्याचा सल्ला दिला होता. तो ऐकून हे गृहस्थ हसले. बाहेरचे तोंड बंद झाले की माश्या दुसरी वाट उकरतात, आणि ती वाट गोठ्याच्या आत निघाली असती.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

म्हशी दुपारीच शेजारच्या गोठ्यात हलवल्या, मांजराला माजघरात कोंडले, वैरण ताडपत्रीने झाकली, मुलांना पुढच्या दारी ठेवले. अंधार पडल्यावर साडेसातला दोघांनी काम केले: एक जण दूर लाल उजेड धरून, दुसरा पूर्ण पोशाखात भिंतीला चिकटून, फटीच्या समोर न येता बाजूने. लांब नळीतून पायरेथ्रॉइड वर्गातील कीटकनाशक भुकटी आत फुंकली. द्रव फवारा दगडाच्या तोंडाशीच ओला होऊन राहतो. भुकटी पोकळीत पसरते आणि ये-जा करणाऱ्या माश्याच ती पायांनी आत नेतात. भिंतीच्या आतून जो आवाज आला तो मी खळ्यापलीकडून, चाळीस फुटांवरून ऐकला: दूरवर पिठाची गिरणी चालू असावी तसा, आणि सुमारे वीस मिनिटांत तो थांबला.

फट उघडीच ठेवली आहे. तीन दिवस कोणी तिकडे जायचे नाही.

२७ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी दहा मिनिटांत एकही माशी आत-बाहेर झाली नाही. दोन दगड काढून पोळे बाहेर घेतले. तपकिरी कागदी वेष्टन, आत एकाखाली एक पाच मजले, सर्वांत मोठा ताटलीएवढा. दादांनी ते हातमोजे घालून उचलले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग, "ह्या भितीक टेकान मी रोज दूध काढतंय," एवढेच म्हणाले. भुकटी लागलेले पोळे व मेलेल्या माश्या कोंबड्यांच्या तोंडी लागू नयेत म्हणून विहिरीपासून दूर दोन फूट खोल पुरल्या. पोकळी दगड-चुन्याने भरून वर सिमेंटचा दर्जा (सांध्यांची भरणी) केला. म्हशी दुसऱ्या दिवशी परत आणल्या.

५ सप्टेंबर, गुरुवार

माटवीच्या (गणपतीवर टांगण्याच्या, रानफळा-फुलांनी सजवलेल्या चौकटीच्या) सामानासाठी मुले आज रानात गेली. कवंडळे, हरणे आणि तेरडा काढताना हात झुडपात खोल जातो आणि पानांच्या खालच्या बाजूला लहान पोळी असतात, हे दरवर्षीचे आहे. म्हणून पूर्ण बाह्या, बूट, आणि हात घालण्याआधी चार हात लांबून काठीने एकदा फांदी हलवून दहापर्यंत मोजणे, असे ठरवून दिले. दोन ठिकाणी माश्या उठल्या. ती झुडपे सोडून दिली. दंश एकही नाही. फटाक्यांची जागा गोठ्यामागून काढून पुढच्या शेताच्या बांधावर नेली आहे. वायरमनने मीटरमागची माती काल काढली.

११ सप्टेंबर, बुधवार

आज विसर्जन. पाच दिवसांत एक दंश: मुंबईहून आलेल्या मेहुण्यांना, उघड्या सरबताच्या पेल्यातून, ओठाच्या बाहेरच्या बाजूला. बर्फ लावून दोन तास समोर बसवले, वाढ झाली नाही. गोड पेये झाकून ठेवण्याची सूचना दारामागच्या कागदावर नव्हती. ती आज लिहिली.

१४ सप्टेंबर, शनिवार

मी उद्या मुंबईस जात आहे. पडवीच्या दिव्याच्या वायरवर एक एकटी मादी सकाळपासून बसून आहे, तिच्याखाली बोटाच्या नखाएवढे चार कप्पे झाले आहेत. त्यास क्र. ८ दिला. ही जागा वायरमुळे नको, आणि चार कप्पे व एक माशी असतानाच काठीने पाडणे सर्वांत सुरक्षित, हे दादांना दाखवून ठेवले. दारामागे बारा फुटी बांबू उभा केला आहे. दर रविवारी सकाळी वळचणीची एक फेरी त्यांनी मारायची व येथेच, पुढील पानावर, लिहायचे असे ठरले. लिहिण्याबाबत त्यांनी हो म्हटलेले नाही.